दोन नंबरचा रॉड

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला गेले की उद्यमनगरात मामांच्या दुकानात एक चक्कर ठरलेली. बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. ट्रॅक्टरची, ट्रकची, हंगामभर ऊस ओढून दमलेली इंजिनं तिथं येतात आणि मापात येऊन परत जातात. या वेळी मात्र सरफेस प्लेटवर चार कनेक्टिंग रॉड ओळीनं मांडून ठेवले होते आणि त्यांतला दोन नंबरचा कमरेत वाकलेला होता.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २००४ची. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन. ऑक्टाव्हिया तेव्हा आपल्याकडे औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जायची, त्यामुळे अजूनही महाराष्ट्रात हौशी लोकांनी त्या जपून ठेवल्या आहेत. ही सांगलीच्या एका तरुणाची. कुणीतरी लॅपटॉप लावून त्याच्या टर्बोचा दाब वाढवून दिला, चार महिने तो खूश होता, आणि मग इंजिन थरथरायला लागलं.

मी पुण्यात एका मोटार कंपनीत कॅलिब्रेशन करते. कुठल्या क्षणी किती पेट्रोल फवारायचं, ठिणगी किती आधी टाकायची, टर्बोला किती दाब भरू द्यायचा, हे आकडे इंजिनाच्या संगणकात आम्ही भरतो. मामा ते इंजिन दुप्पट ताकदीचं बांधायला निघाले होते. मला ते पटत नव्हतं. दिवाळीचे तीन दिवस आमचं याच विषयावर चाललं होतं. जसं आठवतं तसं लिहिते.

मामा : सांग बघू, हा कशानं वाकला?

मी : आरपीएमनं नाही. जास्त फिरवलं की रॉड ताणला जातो, तुटतो. वाकतो तो वरून आलेल्या दाबानं. दोन-अडीच हजारांवर असताना वरच्या गिअरमध्ये पाय दाबला असेल. इंजिन हळू फिरतंय, टर्बो मात्र पूर्ण भरलाय. सगळा जोर या रॉडच्या पोटावर.

मामा : बरोबर. हेड काढलं, एकेक पिस्टन वर आणून डायल लावला. तीन एका मापात, दोन नंबरचा सव्वा मिलिमीटर खाली. तरी इंजिन चालत होतं. मालक म्हणाला, मामा, थोडं मिसिंग येतंय.

मी : मूळ इंजिन १५० अश्वशक्ती आणि २१० न्यूटन मीटरचं. दाब वाढवून टॉर्क ४०० न्यूटन मीटरच्या आसपास नेला असणार. या रॉडची हद्द साधारण तिथंच धरतात. हिशेबानं सांगायचं तर सिलिंडरातला सरासरी प्रभावी दाब १५ बारवरून २८ बारवर गेला. म्हणून म्हणते मामा, याला हात लावायलाच नको होता.

मामा : हात लावायला नको होता, की न मोजता लावायला नको होता?

मी : हातच नको होता.

मामा : मग ऑडीनं कसा लावला? हेच इंजिन. ८१चा बोअर, ८६.४चा स्ट्रोक, १७८१ सीसी, सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह. स्कोडात १५०ला दिलं आणि ऑडी टीटीत २२५ला. एवढा जीव आत होता तर तो कुणासाठी राखून ठेवला होता?

मी : हेच इंजिन नव्हतं ते. ब्लॉकची मापं तीच. पिस्टन वेगळे, कॉम्प्रेशन साडेनवावरून नऊच्या आसपास उतरवलेलं. टर्बो मोठा, इंजेक्टर मोठे, इंटरकूलर एकाच्या जागी दोन. लॅपटॉप लावून कुणी १५०चं २२५ केलं नव्हतं.

मामा : मी तरी काय वेगळं करतोय? रॉड फोर्ज्ड, पिस्टन फोर्ज्ड, कॉम्प्रेशन कमी, टर्बो मोठा.

मी : तुम्ही सगळं करताय, पण त्याच्यापुढचं करत नाही. आम्ही इंजिन टेस्ट बेंचवर शेकडो तास पूर्ण ताकदीनं पळवतो. कूलंट उकळत्याच्या जवळ नेतो, मग एकदम थंड पाणी सोडतो, पुन्हा तापवतो. उन्हाळ्यात राजस्थानात नेतो, लडाखला नेतो. आणि हे सगळं कुणासाठी? मला कधीच न भेटणाऱ्या माणसासाठी. मे महिना, विदर्भातलं ऊन, गाडीत पाच जण, एसी चालू, एअर फिल्टर वर्षभर बदललेला नाही, टाकीत कुठल्या आडबाजूच्या पंपाचं पेट्रोल, आणि समोर चढ. त्या माणसाचं इंजिन त्या दिवशी फुटू नये म्हणून ते लोखंड आत ठेवलेलं असतं. तुम्ही त्याला शिल्लक म्हणता. ती शिल्लक नाही मामा, ती त्याची आहे.

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. वाकलेला रॉड उचलून बोटांनी फिरवत राहिले.

मामा : हे पटलं मला. पण तो माणूस तुला भेटत नाही, मला भेटतो. त्या बाकड्यावर बसून चहा पितो. गाडी कुठं चालवतो, घरी दुसरी गाडी आहे का, ऑइल कधी बदलतो, बापाला सांगून आलाय की लपवून, सगळं मला कळतं. तुझी गाडी लाख जणांना जाते, तू कुणाला नाही म्हणू शकत नाहीस. मी म्हणू शकतो. या वर्षात दोघांना म्हटलंय.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. कंपनीत आम्ही ग्राहकाचा स्वभाव आकड्यांत धरतो: इतके टक्के असं चालवतात, इतके टक्के तसं. समोर बसलेल्या माणसाला ‘तुला हे देत नाही’ म्हणण्याची सोय आमच्या कामात नाही.

दुसऱ्या दिवशी मी पार्टच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला. टर्बोबद्दल बोलताना लोक दाबाबद्दल बोलतात आणि उष्णतेबद्दल गप्प राहतात, हे मला नेहमी खटकतं. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखीनं १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं: धुरासोबत वाया जाणारी ताकद पकडायची, तिच्यावर एक चाक फिरवायचं, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकानं इंजिनात हवा कोंबायची. कल्पना देखणी आहे. पण हवा दाबली की ती तापते, आणि त्यातून कुणाचीच सुटका नाही.

मी : बाहेर ३५ अंश. तुम्ही एक बार जादा दाब भरला, म्हणजे हवा साधारण दुप्पट दाबली. कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला तर ती बाहेर पडते १३० अंशांना. चांगला इंटरकूलर लावला, वाटेत दोन तृतीयांश उष्णता काढली, तरी सिलिंडरात शिरते ती ६५ला. मग पिस्टन तिला आणखी नऊ पट दाबणार. ठिणगी पडल्यावर जाळ पसरायच्या आतच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटलं की संपलं.

मामा : नॉकिंग.

मी : नॉकिंग. तुम्हाला डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो ते उशिराचं. त्याच्या आधीच रिंगांमधला अॅल्युमिनियमचा कंगोरा तडकायला सुरुवात झालेली असते.

मामा : एक नंबरच्या पिस्टनचा तडकलाय. दाखवायचा राहिला.

त्यांनी पिस्टन आणून दिला. वरच्या आणि दुसऱ्या रिंगेच्या मधला कंगोरा अर्धा इंचभर निघाला होता. कडा ताज्या, चकचकीत. रॉडचं दुखणं सगळ्यांना दिसलं, हे कुणाला दिसलं नव्हतं. दाब वाढवून देणाऱ्यानं ठिणगी मागे घेतली नव्हती आणि मिश्रणही पुरेसं समृद्ध केलं नव्हतं. पूर्ण दाबावर जवळपास पावणेबाराला एक हे हवा-पेट्रोलचं प्रमाण लागतं. जास्तीचं पेट्रोल जळण्यासाठी नसतंच, ते आत जाऊन वाफ होताना उष्णता ओढून घेतं.

मामा : पण बीएमडब्ल्यूनं तर दीड लिटरमधून हजारावर काढले होते ना? तेही साध्या रस्त्यावरच्या गाडीच्या लोखंडी ब्लॉकमधून.

मी : काढले. १९८३ साली नेल्सन पिकेट त्याच इंजिनावर फॉर्म्युला वनचा विजेता झाला, टर्बोवर ड्रायव्हरला मिळालेलं पहिलं विजेतेपद. पण हजारावरचा आकडा पुढच्या वर्षांतला, पात्रता फेरीतला. त्या फेरीचं इंजिन मोजक्या फेऱ्या मारायचं आणि संपायचं. तिथं ते ठरवून मरत होतं. सांगलीच्या पोराला सोमवारी ऑफिसला जायचंय.

मामा : म्हणून तर मी तीनशे म्हणतोय, हजार नाही.

मला मामांचं काम बघायला आवडतं हे इथं सांगितलंच पाहिजे, कारण नाहीतर माझा विरोध कोरडा वाटेल. पिस्टन अजून आले नव्हते, पण जुन्या ब्लॉकवर त्यांनी तिसऱ्या दिवशी मला सगळी रीत दाखवली, आणि त्या दिवशी मी कमी बोलले.

त्यांच्याकडे एक जाड लोखंडी प्लेट आहे. शिरोलीच्या एका फाउंड्रीत ओतून घेतलेली, चार मोठी भोकं पाडलेली. होनिंग करण्याआधी ती ब्लॉकवर हेडसारखी बसवायची आणि हेडचेच बोल्ट, हेडच्याच टॉर्कला आवळायचे.

मी : कशासाठी?

मामा : रिकामा ब्लॉक गोल होन केलास, वर हेड आवळलंस, की बोल्टांच्या ओढीनं बोअर वाकडा होतो. शंभरावा भाग, दीड-दोन. डोळ्याला काय, बोटालाही कळत नाही. पण रिंगेला कळतं. म्हणून आधी वाकडा करायचा, मग गोल करायचा. प्लेट काढलीस की तो पुन्हा वाकडा होणार, पण हेड बसल्यावर गोल. ट्रकला हे कुणी करत नाही. टर्बोला करायचंच.

मग पिस्टनची जागा. ओतीव पिस्टनला बोअरमध्ये चार शतांश मिलिमीटर जागा पुरते. फोर्ज्ड पिस्टन मजबूत, पण तापल्यावर जास्त फुगतो. त्याला आठ ते दहा शतांश लागते. म्हणून सकाळी थंड इंजिन सुरू केलं की तो टकटक करतो, आणि गरम झाला की गप्प होतो. मालकाला हे आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर तो पहिल्याच दिवशी घाबरून फोन करतो.

रिंगांची फट हा मामांचा जीव की प्राण. वरची रिंग बोअरमध्ये सरळ बसवायची, टोकांमध्ये फिलर गेज घालायचा, आणि बारीक फाईलनं एकाच दिशेला एकेक घास काढत जायचं.

मामा : ८२चा बोअर धरला तर अठरा थाऊ, म्हणजे साडेचार दशांश मिलिमीटर. कंपनीच्या साध्या इंजिनाला याच्या निम्मीही चालते. पण दाबाखाली रिंग जास्त तापते, लांब होते. फट कमी पडली की टोकं एकमेकांना भिडतात. मग तिला जायला जागा नाही, ती पिस्टनचा कंगोराच उचलते. हा जो तडकलाय ना, मी पैज लावून सांगणार नाही, पण नॉकिंग एकटंच दोषी नाही.

मी : माप कधी घेता?

मामा : पहाटे सहाला. ब्लॉक, पिस्टन आणि मायक्रोमीटर, तिघांना रात्रभर एकाच टेबलावर ठेवतो. दहा वाजता पत्र्यावर ऊन आलं की मी मोजत नाही.

मी मनातल्या मनात गुणाकार केला. दहा अंश फरकानं लोखंडी बोअर जवळपास एक शतांश वाढतो आणि अॅल्युमिनियमचा पिस्टन त्याच्या दुप्पट. आमच्या मापन कक्षात वर्षभर २० अंश तापमान राखलेलं असतं. मामांनी तेच पहाटेच्या हवेकडून मिळवलं होतं. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले, आणि लगेच बाबूराव पेंटरांवर आले. १९१८च्या सुमारास कोल्हापुरात बाबूरावांनी विदेशी यंत्राचं मर्म समजून घेऊन सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला. मामांच्या लेखी या गावच्या प्रत्येक मेस्त्रीचा तो वारसा आहे. यंत्र खोलून बघितल्याशिवाय ते आपलं होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी : खोलून बघणं वेगळं. पण आपण एक दुबळी जागा मजबूत केली की जोर थांबत नाही, पुढच्या जागेकडे जातो. रॉड झाला, आता क्लच. क्लच झाला, गिअरबॉक्स. मग ड्राइव्ह शाफ्ट, ब्रेक, टायर. तुम्ही इंजिन बांधताय, गाडी कोण बांधतंय?

मामा : ब्रेक आणि क्लच आधी, मगच इंजिन देणार, हे त्याला लिहून दिलंय.

मी : आणि रस्ता? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. २०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही सांगितलं, उत्पादकानं नोंदवलेल्या मूळ रूपापासून वेगळी गाडी करता येत नाही. इंजिनाची ताकद दुप्पट करणं हे साधं रंग बदलणं नव्हे. त्याच्या विम्याचं काय? समोरून येणाऱ्या माणसाचं काय? त्यानं तर तुमच्याशी चहाही घेतलेला नाही.

इथं मामा पहिल्यांदा हरले. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या ड्रॅग शर्यती भरतात, पोराला तिथं पळवायची आहे, असं ते म्हणाले. पण तिथवर गाडी ट्रेलरवर नेणार का, यावर त्यांनी मान खाली घातली. मग सांगलीला फोन झाला. मी बाजूलाच होते. ‘ट्रेलरवर नेणार असशील तर बांधतो, नाहीतर मूळ मापात बांधून देतो, पैसे कमी घेईन,’ एवढंच मामा बोलले. पलीकडून उत्तर यायला वेळ लागला. शेवटी तो कबूल झाला, रोजच्या कामाला वडिलांची जुनी गाडी वापरतो म्हणाला. त्यानं शब्द पाळला तर माझी निम्मी हरकत संपते. उरलेली निम्मी शब्दावर अवलंबून आहे, आणि मला शब्दापेक्षा चाचणी जास्त कळते.

पेट्रोलवर आमचं फार भांडण झालं नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, ते नॉकिंगला पेट्रोलपेक्षा चिवट असतं आणि वाफ होताना दुपटीहून जास्त उष्णता ओढतं. आपल्याच साखर कारखान्यांच्या मळीतून आलेली ताकद म्हणून मामांना त्याचं कौतुक. मी एवढंच म्हटलं, की इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे त्याच हवेला हे मिश्रण नुसत्या पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के जास्त द्यावं लागतं. इंजेक्टर त्या हिशेबानं घ्या, आणि वीस वर्षांपूर्वीच्या गाडीचे रबरी पाइप सगळे बदला. त्यांनी दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या.

उरला दाबाचा आकडा. मामा म्हणत होते १.३ बार, मी म्हणत होते १.०. शेवटी १.१वर थांबलो, पण माझ्या अटींवर. तीन हजार आरपीएमच्या खाली पूर्ण दाब भरायचा नाही, कारण दोन नंबरचा रॉड तिथंच वाकला होता आणि आता तो मार गिअरबॉक्सला बसेल. आत शिरणारी हवा ६० अंशांच्या वर गेली की संगणकानं दाब आपोआप उतरवायचा. नॉक सेन्सरला बधिर करायचं नाही. असं करणारे आहेत, आणि त्याइतकी वाईट गोष्ट मला या कामात दुसरी दिसत नाही. आणि कमाल आरपीएम मूळ साडेसहा हजारांच्या आसपासच. साडेसात केलं तर रॉडवरची ओढ एक तृतीयांशानं वाढते, आणि त्याची आपल्याला गरज नाही. एवढ्यात तीनशे होत नाहीत. अडीचशेच्या थोडे वर होतात.

मामा : आणि हे आकडे भरणार कोण?

मी : मी भरेन.

हे मी कसं म्हटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. हे इंजिन होऊ नये असंच मला वाटत होतं. पण ते होणारच असेल, तर त्याच्यात कुणीतरी दुसऱ्यानं आकडे भरावेत हे मला सहन झालं नसतं.

पार्ट यायला दीड महिना गेला. संक्रांतीला मी पुन्हा गेले तेव्हा इंजिन बांधून झालं होतं, कमी दाबावर ८०० किलोमीटर चालून झालं होतं, ऑइल दोनदा बदललेलं होतं. दाब वाढवण्याआधी कॉम्प्रेशन बघायचं ठरलं. चारही प्लग काढले. गेज लावून मी आकडे वाचत गेले, मामा फळ्यावर खडूनं लिहीत गेले. साडेअकरा. अकरा. साडेअकरा. साडेअकरा.

मामा : दोन नंबर.

मी : अर्धा बार. कंपनीच्या पुस्तकात दोन सिलिंडरांमध्ये तीन बारचा फरक चालतो. हे उत्तम आहे मामा, मी आज आकडे भरते.

मामा : ते पुस्तक कुणासाठी लिहिलंय?

मी गप्प बसले.

मामा : तूच सांगितलंस. तुला न भेटणाऱ्या माणसासाठी. या इंजिनात आपण ते सगळं लोखंड खर्च केलंय. आता तीन बार आपल्याकडे नाहीत, अर्धाही नाही. कॉम्प्रेसरचा पाइप आण.

मी दोन नंबरचा पिस्टन बरोबर वर आणला, गाडी गिअरमध्ये अडकवली आणि प्लगच्या भोकाला हवेचा पाइप जोडला. हवा रिंगांमधून निसटत असेल तर ऑइल भरायच्या तोंडाशी सूं आवाज येतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून असेल तर सायलेन्सरच्या टोकाशी. मामांनी हात वर करून पलीकडचं होनिंग मशीन बंद करायला लावलं, ऑइलचं झाकण उघडलं, आणि वाकून कान लावला.